डोळ्यांना दिसलेली गोलाई फोटोत सपाट का होते?

आषाढी होऊन गेली की माझ्याकडे हमखास एक तक्रार येते. ती घेऊन येणारी माणसं दरवर्षी वेगळी असतात, फोटो मात्र तोच असतो. गोल रिंगणाचा. मैदानात अश्व धावतो आहे, हजारो माणसं श्वास रोखून उभी आहेत, फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं आहे. आणि फोटोत? टोप्यांची एक आडवी पट्टी, तिच्यावर पताकांची दुसरी पट्टी, आणि मधे कुठेतरी घोड्याची मान. "तिथे केवढं मोठं वर्तुळ होतं हो, इथे ते गेलं कुठे?"

हाच प्रश्न घाटातल्या वळणांबद्दल येतो, बारवेबद्दल येतो, अंगणातल्या रांगोळीबद्दलही येतो. समोर आकार स्पष्ट होता आणि फोटोत तो उरला नाही. बहुतेक जण दोष फोनला देतात, काही जण नवी लेन्स घेतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच पट्टी घेऊन येतात. आकार हरवण्याची कारणं मोजकी आहेत आणि जवळजवळ सगळी जागेवरच ओळखता येतात. घरी येऊन क्रॉप केल्यावर किंवा रंग गडद केल्यावर यातलं फारच थोडं दुरुस्त होतं. म्हणून हे सगळं तिथे, उभ्या-उभ्या तपासायचं आहे.

वर्तुळाची पट्टी होते तेव्हा

पहिला आणि सगळ्यांत मोठा दोष उंचीचा. जमिनीवरचं वर्तुळ आपण तिरकं बघतो तेव्हा फोटोत त्याचं लंबवर्तुळ होतं, हे शाळेत भूमितीत कधीतरी कानावरून गेलेलं असतं. ते किती चपटं होणार याचा एक ढोबळ हिशेब आहे आणि तो तोंडी करता येतो: कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची भागिले वर्तुळाच्या केंद्रापर्यंतचं अंतर. जे उत्तर येईल तेवढा त्या लंबवर्तुळाच्या रुंदीचा भाग त्याची उंची म्हणून मिळेल.

समजा रिंगणाचं केंद्र तुमच्यापासून ६० मीटरवर आहे आणि फोन छातीशी, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर. दीड भागिले साठ म्हणजे चाळिसावा भाग. वर्तुळ फोटोभर रुंद दिसलं तरी त्याची उंची रुंदीच्या एक चाळीसांश राहणार. ही रेघच झाली, आणि ती रेघही पुढे उभ्या असलेल्यांच्या डोक्यांमागे जाणार. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून हात वर केलात आणि कॅमेरा चार मीटरवर गेला, की पंधरावा भाग. आता अश्वाच्या वाटेची मोकळी जमीन चिरेसारखी दिसायला लागते. जवळच्या इमारतीच्या गच्चीवरून, बारा मीटरवरून, पाचवा भाग. इथे वर्तुळ वर्तुळ म्हणून ओळखू येतं. नजर जमिनीशी ३० अंशांचा कोन करेल इतक्या उंचीवर गेलात तर निम्मं मिळतं. त्याहून वर ड्रोनच.

या हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं. सगळं रिंगण मावत नाही म्हणून आपण मागे सरकतो. मागे सरकलं की भागाकारातलं अंतर वाढतं, उंची तीच राहते. ६० मीटरवरून १२० वर गेलात की आकार आणखी निम्म्याने चपटा झाला. सगळं मावावं म्हणून मागे गेलो आणि जे मावायला हवं होतं तेच गेलं, असं दर वेळी होतं. झूम करूनही यात फरक पडत नाही, कारण झूम चपटेपणा तसाच ठेवून फक्त मोठा करतं.

मग उंची मिळतच नसेल तर काय करायचं? रिंगणाच्या गर्दीत गच्ची कुठली आणि ट्रॉली कुठली. अशा वेळी पूर्ण वर्तुळाचा नाद सोडा आणि कमानीचा एक तुकडा घ्या. अश्व ज्या वाटेने धावतात त्या वाटेच्या अगदी कडेला जागा मिळवा. मात्र कॅमेरा केंद्राकडे, म्हणजे पालखीकडे, रोखू नका. वाट तुमच्या शेजारून जिथे पुढे जाते तिकडे, वाटेच्या लांबीच्या दिशेने बघा. आता वाटेचा जवळचा भाग तुमच्यापासून तीनच मीटरवर आहे. दीड भागिले तीन म्हणजे निम्मं. पायाजवळची कड चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून आत शिरते, रुंद असते, मग अरुंद होत होत वळते आणि माणसांच्या भिंतीमागे नाहीशी होते. उरलेलं वर्तुळ बघणारा मनाने पुरं करतो. दिलेला तुकडा नीट वळलेला असेल तर डोळा ती रेघ पुढे चालवतो. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या गेस्टाल्ट मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम करून ठेवलं आहे, पण ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्या आया-आज्ज्यांना हे आधीपासून ठाऊक होतं.

यात एक धोका आहे तो स्पष्ट सांगतो. वाटेच्या कडेला म्हणजे कडेला, वाटेवर नाही. चोपदार आणि स्वयंसेवक मागे सरा म्हणतात तेव्हा मागे सरायचं. अश्व वेगात असतात, आणि फोटोसाठी पाय पुढे टाकणाऱ्यामुळे रिंगण थांबलेलं मी पाहिलं आहे. अश्वांच्या आधी पताकावाले, तुळशीवाल्या बाया, टाळकरी, विणेकरी याच वाटेने धावतात. जागा बरोबर आहे की नाही हे त्यांच्यावरच तपासून घ्या. डोक्यावरच्या तुळशी वळणावर एकामागे एक दिसत असतील तर जागा जमली. एकाच ओळीत शेजारी-शेजारी दिसत असतील तर तुम्ही अजून केंद्राकडेच बघता आहात.

अजिंठ्याला गेला असाल तर हा उंचीचा मुद्दा शरीराने अनुभवलेला असेल. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर तीस लेणी कोरलेली आहेत, पण लेण्यांसमोरच्या वाटेवर चालताना फक्त एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी एवढंच जाणवतं. नाल दिसते ती समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवरून. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली तीही समोरच्या उंचीवरूनच. लेणी बघून दमल्यावर बरेच लोक ती चढण टाळतात. फोटोसाठी आला असाल तर चढा.

घाटाची वळणं एकमेकांत मिसळतात तेव्हा

पुण्यातला मुक्काम आटोपून माउलींची पालखी हडपसरहून सासवडकडे निघते आणि दिवे घाट चढते. वरच्या वळणावरून खाली बघितलं की काळ्या रस्त्यावरून पांढरा-भगवा प्रवाह वळत वळत येताना दिसतो. हे दृश्य इतक्या लोकांनी टिपलं आहे की ते सोपं वाटतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दिवसभरात काढलेल्या फोटोंपैकी एकातही दोन वळणं एकत्र आली नव्हती. रस्त्याच्या कठड्याशी उभा राहून वाइड लेन्सने काढत होतो. पायाखालचं वळण प्रचंड, त्यापुढचं बोटाएवढं, तिसरं नाहीच.

कारण साधं आहे. जवळचं वळण १०० मीटरवर आणि लांबचं ४०० मीटरवर असेल, तर जवळचं चौपट मोठं दिसणार. नागमोडी रेघ म्हणून डोळ्याने ती जोडायची तर दोन्ही वळणांचं माप एकमेकांच्या जवळपास हवं. इथे रिंगणाच्या उलट मागे जायचं असतं, पण मागे जाताना वरही जायचं. समोरच्या उतारावर जा. तिथून जवळचं वळण ६०० मीटरवर आणि लांबचं ९०० वर असेल, तर फरक फक्त दीडपट उरतो. मग टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावा; फोनवर तीन किंवा पाच पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती. वळणं एकावर एक रचल्यासारखी दिसतील. लोक याला टेलीची जादू म्हणतात. खरं काम तुमच्या पायांनी केलेलं असतं, टेलीने फक्त बाकीचं छाटलं.

समोरचा उतार निवडताना हे बघा: रस्ता डोंगराच्या सोंडेमागे जातो तिथे रेघ तुटते. एकदा तुटली तरी चालतं, पुढचा तुकडा त्याच दिशेने बाहेर आला तर डोळा उडी मारतो. दोनदा तुटली की ते तीन वेगळे रस्ते वाटतात. दहा-वीस पावलं डावीकडे-उजवीकडे सरकून एखादी सोंड बाजूला होते का ते बघणं, हा घाटातल्या फोटोतला सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत उपयोगी उद्योग आहे.

आकार जागेवर असतो, पण दिसत नाही

कधी कधी उंची बरोबर, अंतर बरोबर, आणि तरी रेघ नाही. वारी नसलेल्या दिवशी, एप्रिलच्या दुपारी, त्याच दिवे घाटाचा फोटो काढा. रस्ता तिथेच आहे. पण उन्हात डांबर फिकट राखाडी चमकतं, शेजारचं वाळलं गवतही तेवढंच उजळ, आणि दोघांत काही फरक उरत नाही. रेघ म्हणजे शेवटी काय? दोन वेगळ्या उजळपणांची सीमा. रंग वेगळे असले तरी डोळा जातो तो आधी उजळपणाच्या फरकाकडे.

तपासायला दोन पद्धती आहेत. डोळे किलकिले करून बघा, बारीकसारीक तपशील जातात आणि फक्त गडद-फिका उरतो. किंवा फोनचा कॅमेरा कृष्णधवल फिल्टरवर ठेवा आणि पडद्यावर बघा. वळण तिथेही दिसत असेल तर काढा, नाहीतर वेळ बदला. पाऊस पडून गेल्यावर ओला रस्ता आभाळ परावर्तित करतो आणि गडद हिरव्यात चांदीच्या पट्टीसारखा उठतो. त्याच घाटाचा तोच कोपरा जुलैत आणि एप्रिलमध्ये दोन वेगळे फोटो देतो. सकाळी लवकर, ऊन आडवं असताना, कठड्याची सावली रस्त्याची एक कड आखून देते. शेतांचे बांध आणि भाताच्या पायऱ्या तर या आडव्या उन्हाशिवाय जवळपास अदृश्यच असतात.

मुंबईचा मरीन ड्राइव्ह याचं ठळक उदाहरण. बॅक बेची ती गोलाई दिवसाही तिथेच असते, पण दमट धुरकट हवेत इमारती, रस्ता आणि आभाळ सगळं एकाच राखाडीत बुडतं. दिवे लागले की राणीचा हार दिसतो. पूर्ण काळोख पडायची वाट मात्र पाहू नका, तेव्हा समुद्र आणि आभाळ दोन्ही काळे होतात आणि हार हवेत लटकतो. सूर्यास्तानंतर आभाळात निळा शिल्लक असताना आणि दिवे लागलेले असताना जो थोडा वेळ मिळतो, तो खरा. मलबार हिलच्या बाजूने, कमला नेहरू पार्कच्या उंचीवरून, तिवई असेल तर शटर काही सेकंद उघडं ठेवा. गाड्यांच्या दिव्यांची सलग रेघ होते आणि ठिपक्यांचा हार ओवला जातो.

बारव, विहीर आणि सरळ खाली बघणारा कॅमेरा

बारवांवर माझा जीव आहे, त्यामुळे इथे थोडं रेंगाळतो. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर अष्टकोनी आहे. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेत पायऱ्या भिंतीला धरून चक्राकार खाली उतरतात. दोन्हींचे फोटो मला दाखवले जातात तेव्हा दोष एकच असतो: अष्टकोनाच्या बाजू असमान, चक्र एका बाजूला ओघळलेलं.

कॅमेरा पाण्याला समांतर नव्हता, एवढंच कारण. कठड्यावरून वाकून बघताना आपण फोन थोडा तरी आपल्याकडे कललेला धरतो, आणि दहा अंशांचा कल अष्टकोन बिघडवायला पुरेसा होतो. आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांत समतल दाखवणारी खूण चालू केली की फोन खाली रोखल्यावर पडद्यावर अधिकची दोन चिन्हं येतात. ती एकमेकांवर बसली की फोन जमिनीला समांतर. अंगणातल्या रांगोळीलाही हेच लागू पडतं; तिथे स्टुलावर चढा आणि आपली सावली रांगोळीवर पडणार नाही अशा बाजूने उभे राहा. बारवेवर मात्र फोनचा पट्टा मनगटाला बांधल्याशिवाय हात बाहेर काढू नका, आणि जिथे कठडा ढासळलेला आहे तिथे वाकूच नका. दगड शेकडो वर्षांचे आहेत, चुना सुटलेला असतो.

सरळ खाली बघितलं की आकार शुद्ध मिळतो, पण खोली जाते. बारव तबकडीसारखी दिसते. वालूरसारख्या ठिकाणी मला तो सौदा मान्य आहे, कारण तिथे चक्र हाच विषय आहे. लिंबला मी तो करत नाही. तिथे मुख्य विहिरीला जोडून दुसरा भाग आहे, मधे कमानी आहेत, उतरायचा जिना आहे. खाली उतरून कमानीच्या चौकटीतून अष्टकोनाच्या दोन-तीन भिंती घेतल्या तर दगडाचं वजन कळतं.

बारवेत आणखी एक शत्रू असतो: सावली. दुपारच्या उन्हात विहिरीच्या आत अर्ध्या भागात काळी कुळकुळीत सावली पडते आणि तिची कड वर्तुळाला मधोमध कापते. आपल्याला वाटतं प्रकाश कडक आहे एवढंच. खरं तर फोटोत आता दोन आकार झाले, आणि सावलीचा आकार जास्त ठळक आहे. ढगाळ दिवस निवडा, किंवा तिरक्या उन्हात प्रत्येक पायरीची आपापली छोटी सावली पडते त्या वेळी जा. मोठी सावली चक्राला मारते, छोट्या सावल्या ते आखतात.

गोल वस्तू कोपऱ्यात लांबट होते तेव्हा

याबद्दल गैरसमज खूप आहेत. अल्ट्रावाइडने, म्हणजे सगळ्यांत रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सने, काढलेल्या फोटोत कोपऱ्यातली घागर अंड्यासारखी, ग्रुप फोटोत टोकाचे काका रुंद. लोक म्हणतात लेन्स खराब. लेन्स तिचं काम चोख करते आहे. सरळ रेघा सरळ ठेवणाऱ्या लेन्समध्ये मध्यापासून दूर असलेला चेंडू बाहेरच्या दिशेने ताणला जातो, आणि मध्यापासूनचा कोन जितका मोठा तितका जास्त. फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या, मापात १३ मिलिमीटरच्या अल्ट्रावाइडवर अगदी कोपऱ्यातला चेंडू रुंदीच्या जवळपास दुप्पट लांब होतो. फोनच्या मुख्य लेन्सवर, साधारण २४ मिलिमीटर, तो सुमारे एक तृतीयांशाने लांबतो. ५० वर फरक दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे कुणाला कळतही नाही.

गंमत अशी की सपाट वर्तुळाला हा नियम लागू नाही. भिंतीवर रंगवलेलं वर्तुळ, जमिनीवरची रांगोळी, बारवेचं तोंड, यांच्याशी कॅमेरा समांतर असेल तर अल्ट्रावाइडच्या कोपऱ्यातही वर्तुळ वर्तुळच राहतं. ताणली जाते ती जाडी असलेली गोल वस्तू: डोकं, घागर, कळस, घुमट. म्हणून उपायही वेगवेगळे. बारवेचं तोंड अरुंद जागेतून घ्यायचं आहे? खुशाल अल्ट्रावाइड लावा, समांतर धरा. कुंभाराच्या अंगणात मडक्यांची रास घ्यायची आहे? मडकी मध्याकडे ठेवा, कोपऱ्यात जमीन किंवा भिंत राहू द्या, किंवा मागे सरकून मुख्य लेन्स वापरा.

सरळ रेघा पोटासारख्या बाहेर फुगतात तो दोष वेगळा. त्याला बॅरल डिस्टॉर्शन म्हणतात. फोन तो स्वतःच काढून टाकतो, पण रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, उघडली तर कधी कधी तसाच समोर येतो. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं लेन्स करेक्शन चालू करा, एका क्लिकचं काम आहे. आणि देवळाचं शिखर मागे कललेलं दिसतं तो तिसरा दोष, कॅमेरा वर उचलल्याचा. सिन्नरच्या गोंदेश्वराला हे फार जाचतं, कारण शिखर मुळातच वर निमुळतं होत जातं आणि कल त्यात भर घालतो. कॅमेरा सरळ धरा, मागे जा, खाली जास्तीचं आवार आलं तर नंतर छाटा.

समरूपता थोडक्यात हुकते

कार्ल्याच्या चैत्यगृहात मधोमध उभं राहिलं की दोन्ही बाजूंचे खांब, वर लाकडी फासळ्यांची कमान आणि टोकाला स्तूप. अशा जागी चार बोटं डावीकडे-उजवीकडे झालं तरी बघणाऱ्याला काहीतरी खुपतं. फोनची ग्रिड तिथे पुरत नाही. स्तूपावरची लाकडी छत्री कमानीच्या टोकाखाली बरोबर येते का ते बघा, मग डावीकडच्या आणि उजवीकडच्या खांबांमधल्या फटी समान दिसतात का ते तपासा. पहिली खूण जुळली आणि दुसरी नाही, तर तुम्ही बरोबर जागी आहात पण कॅमेरा वळलेला आहे. दुसरी जुळली आणि पहिली नाही, तर आधी आडवी पातळी बघा. समरूपता जमणार नसेल, गर्दीमुळे मध्य मिळणार नसेल, तर सरळ एका बाजूला जा, इतकं की ती मुद्दाम सोडलेली आहे हे कळावं. अर्धवट मध्य सगळ्यांत वाईट.

आकार आहे, पण फोटो निर्जीव आहे

सगळं भौमितिकदृष्ट्या जमूनही फोटो बघून कुणी थांबत नाही, ही तक्रार जरा पुढच्या टप्प्यावरच्या लोकांची. यासाठी मी फ्रेंच छायाचित्रकार ऑंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा इएरचा फोटो दाखवतो. फ्रान्समधल्या त्या गावात तो एका जिन्याच्या वरच्या टोकाला होता. जिन्याचा कठडा वळत खाली उतरतो, खाली रस्त्याची गोलाई, आणि त्या मोकळ्या जागेतून एक सायकलवाला जाताना थोडासा अस्पष्ट टिपला गेला आहे. वरून बघितल्यामुळे दोन्ही गोलाया उघडल्या, हा आपला पहिला मुद्दा. पण सायकलवाला नसता तर ती नुसती जिन्याची आकृती राहिली असती. पुढे आयुष्यभर भूमितीवर बोलणारा हा माणूस तरुणपणी आंद्रे लोत या क्युबिस्ट चित्रकाराकडे शिकला होता, आणि त्याच्या फोटोंत आकार हे घर असतं. त्यात राहणारं कुणीतरी यावं लागतं.

म्हणून वळण सापडलं की त्यातली मोकळी जागा ओळखा. ती बहुधा गोलाईच्या पोटात असते. तिथे कुणी येईपर्यंत थांबा. घाटात एकटा वारकरी, बारवेच्या पायरीवर कळशी घेऊन उतरणारी बाई, मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरचं जोडपं. माणूस रेघेवरच आला तर रेघ तुटते, रेघेच्या बाहेर फार दूर असला तर दोघांचा संबंध लागत नाही. आणि चौकटीच्या कडांकडे शेवटची नजर टाका: गोलाई कडेला नुसती चाटून जात असेल तर ती तिथे अडकते. एक तर तिला श्वास घ्यायला जागा द्या, नाहीतर निर्धास्तपणे कापा.

काही आकार मावतच नाहीत

लोणारबद्दल विचारलं जातं तेव्हा मी आधीच सांगतो की तिथे हा दोष पूर्ण जाणार नाही. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली साधारण दीडशे मीटर. काठावर उभे राहून हिशेब करा: दीडशे भागिले नऊशे, सहावा भाग. जमिनीवरून गोल लोणार फोटोत येणं शक्य नाही, लंबगोलच येणार. पॅनोरमा लावला तर काठाच्या सरळ कडाही वाकतात आणि कुठली गोलाई खरी, कुठली फोनने केलेली, हे सांगता येत नाही.

मी तिथे पहाटे जातो आणि सगळं पाणी घ्यायचा प्रयत्न करत नाही. पायाजवळची काठाची कड चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून आत येऊ देतो, ती समोर वळत जाते, तिच्याखाली उतारावरची झाडी, आणि उजवीकडे पाण्याचा एक तृतीयांश भाग. पलीकडचा काठ धुक्यात असतो. ऊन पहिल्यांदा पलीकडच्या काठावर लागतं आणि हळूहळू खाली उतरतं. ते पाण्याला टेकायच्या आत, पलीकडची कड उजळ आणि अलीकडची अजून काळी असताना, काही मिनिटं दोन्ही कडा वेगवेगळ्या उठून दिसतात. तेव्हा काढायचा.